माझ्या आठवड्याची किल्ली

आमच्या कार-पूलमध्ये आम्ही तिघं होतो. सर, दीदी आणि मी. तिघंही दिल्लीच्या मयूर विहारातले, तिघंही एकाच मंत्रालयातले, आणि तिघांनाही नऊच्या आत हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवायचा असायचा. एक आठवडा सरांची गाडी, एक आठवडा माझी. दीदींना गाडी चालवता येत नाही, त्या मागे बसतात. सर माझ्याहून दोन पायऱ्या वरचे अधिकारी, पंजाबी, बोलायला लोण्याहून मऊ, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं. दीदी बंगाली, माझ्याच सेक्शनमधल्या, माझ्याहून वयाने मोठ्या म्हणून दीदी. मी मूळची सांगलीची. नोकरीची परीक्षा देऊन पंचवीस वर्षांपूर्वी इथे आले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन मुली वाढवल्या आणि मग नवऱ्याने आणि मी मिळून इथल्या सोसायटीत फ्लॅट घेतला.

दारात मेट्रो असताना गाडी कशाला, असं मला फार लोक विचारतात. मला गाडी चालवायला आवडते म्हणून. एवढं कारण पुरे आहे. पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकलेला नाही.

मी गाडी शिकले बेचाळिसाव्या वर्षी, आर. के. पुरमच्या गल्ल्यांमध्ये, रविवारी सकाळी. शिकवणारा माणूस शेजारी बसून दर दोन मिनिटांनी म्हणायचा, "मैडम, दबाइए, दबाइए." मी दाबायची, गाडी उडी मारायची, आणि तो खूश व्हायचा. इथे गाडी येणं म्हणजे गाडी दाबता येणं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर बऱ्याच भागात पन्नासची पाटी आहे. मी पन्नासने जाते. मागचे हॉर्न वाजवतात, बाजूने जाताना काच खाली करून बघतात की बाई कशी दिसते, आणि मान हलवून पुढे जातात. पहिली एक-दोन वर्षं मला त्याचा त्रास व्हायचा. मग मी त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं.

पण कार-पूल सुरू झाला आणि हा माझ्या एकटीचा प्रश्न राहिला नाही. माझ्या आठवड्यात आम्हाला उशीर होऊ लागला. नऊ वाजून चार, नऊ वाजून सहा, एकदा तर नऊ वाजून अकरा. सरांच्या आठवड्यात मात्र आठ पंचावन्नला आम्ही यंत्रासमोर उभे असायचो. आता गंमत अशी की उशिरा येणाऱ्यांना मेमो काढायची फाइल सरांच्याच टेबलावर असायची. स्वतःच उशिरा आलेला माणूस दुसऱ्याला मेमो काय देणार? दोन-तीनदा त्यांनी हसण्यावारी नेलं. लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडमसोबत आलं की दिल्लीदर्शन फुकट होतं. लिफ्ट हसली. मीही हसले. अशा वेळी हसणारी मी मला मुळीच आवडत नाही.

मग एका सोमवारी, माझ्याच आठवड्यात, सरांनी वर न येता खालूनच मिस्ड कॉल दिला. मी पर्स आणि डबा घेऊन धावत उतरले, तर ते माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराशी हात पुढे करून उभे. म्हणाले, "मैडम, चाबी दीजिए. गाड़ी आपकी, मेहनत मेरी."

गेटवरचा गार्ड बघत होता. दीदी आधीच मागच्या दाराशी जाऊन उभ्या होत्या. मी किल्ली दिली.

का दिली, हे मी नंतर किती वेळा स्वतःला विचारलं असेल. एक तर सकाळी सव्वाआठला वरिष्ठांशी वाद घालायची सवय नाही. दुसरं, माणूस वाईट बोलला असता तर मी फणकारले असते, पण गोड बोलणाऱ्यापुढे माझी जीभ लुळी पडते. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त झोंबतं, ते म्हणजे मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. माझ्यामुळे उशीर होतोय, हे मी मान्य करून टाकलं होतं. त्या दिवशी आम्ही आठ छप्पन्नला पोहोचलो. दुसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात एकदाही उशीर झाला नाही, आणि मग तो रिवाजच पडला. माझा आठवडा, माझी गाडी, माझं पेट्रोल, आणि मी डाव्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसलेली.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं झालं की. आरामात बसून जा, यार. चालवायचं टेन्शन नाही." मी म्हटलं, मला टेन्शन नव्हतंच. तो म्हणाला, मग त्यांना असेल. यावर मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

डाव्या सीटवर बसून करायचं काय? मी वेगाचा काटा बघायला लागले. दुसऱ्याची गाडी असती तर कदाचित लाजले असते, पण गाडी माझी होती, काटाही माझा होता. सरांचा पाय मी फार जवळून पाहिला. बत्ती हिरवी व्हायच्या आधीच गाडी सरकायची, हिरवी झाली की सुटायची, साठ, सत्तर, आणि समोर पुढची लाल बत्ती दिसली की करकचून थांबायची. शेजारी झेंडूची माळ घातलेली एक स्कूल व्हॅन असायची. दर बत्तीला आम्ही तिला मागे टाकायचो आणि दर बत्तीला ती धापा टाकत येऊन आमच्या शेजारी उभी राहायची. सर तिच्याकडे कधी बघत नसत. मी बघायचे. तिचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून निवांत बसलेला असायचा.

कार-पूल सुरू झाल्यापासून माझा डबा सरांच्या आठवड्यात अधूनमधून गळायचा, आता तो माझ्याही आठवड्यात गळू लागला. स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा डबा, त्यात रोज आमटी. त्याआधी वर्षानुवर्षं तोच डबा, कधी थेंब सांडला नाही, आणि आता दर आठवड्याला पर्सच्या तळाशी पिवळा डाग. एकदा तर एका फाइलच्या नोटशीटवर आमटी पोहोचली आणि मला ते पान नव्याने टाइप करून सह्या घ्यायला दारोदार फिरावं लागलं. मी करोल बागेत गेले तेव्हा झाकणाची नवी रबर रिंग आणली. तरी गळतच राहिला. मग डबा मांडीवर हातात धरून बसायला लागले, आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला.

यमुनेच्या पुलावर रस्ता जरा मोकळा मिळायचा. तिथे सर ऐंशीला जायचे, आणि ऐंशीला आमटी अगदी शहाण्यासारखी बसून असायची. डब्यात हालचाल नाही. पूल संपला, पुढे गाड्या दिसल्या, सरांनी ब्रेक दाबला की हाताला आतून धक्का. सिग्नलवरून सुटताना धक्का. थांबताना धक्का. म्हणजे वेगाचं आमटीला काहीच सुखदुःख नव्हतं. वेग बदलला, तोही झटक्यात बदलला, की ती झाकणावर जाऊन आपटायची. मी सांगलीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्वरण हा शब्द मी परीक्षेत किमान पन्नास वेळा लिहिला असेन, आणि तो मला कळला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मांडीवरच्या डब्यातून. माझ्या मुलींना हा शब्द मराठीतून माहीतही नाही. त्यांना मी आमटी दाखवून समजावलं तर धाकटी म्हणाली, "आई, तुझी लॅब भारी आहे."

एकदा डोक्यात आलं की मी गप्प बसणारी नाही. आमच्या इथे मेट्रो खांबांवरून जाते. खांबांना नंबर असतात, आणि निम्मं शहर पत्ता सांगताना तेच नंबर सांगतं. एका रविवारी भाजी घेऊन येताना मी दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं. पस्तीस पावलं. म्हणजे साधारण पंचवीस मीटर. नवरा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होता आणि लोक बघतायत, लोक बघतायत असं पुटपुटत होता. मी दुसऱ्यांदा मोजलं.

मग घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाकिटावर गणित मांडलं. पन्नासने जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते, सत्तरने जाणारी एकोणीसच्या वर. समोर काही आलं तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तर गेलाच. तेवढ्यात सत्तरवाला एक खांब जवळजवळ पार करून गेला आहे आणि त्याने ब्रेकला अजून पायही लावलेला नाही. मग ब्रेक. पन्नासचे सत्तर म्हणजे वेग दीडपटसुद्धा होत नाही, पण ब्रेक लावल्यावर लागणारा रस्ता दुप्पट होतो, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. हे पुस्तकात होतं, मला पाठही होतं. शेवटी मी असं विचारलं की समजा दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक पन्नासला, एक सत्तरला, आणि दोघींनी एकाच क्षणी एकच माणूस पाहिला. जिथे पन्नासची गाडी पूर्ण थांबते, त्या जागी सत्तरची गाडी किती वेगात असेल? उत्तर आलं, पन्नासहून जास्त. माझा विश्वास बसेना. मी ते तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. एक गाडी उभी आहे आणि दुसरी त्याच जागेवरून, पहिली मुळात जितक्या वेगात होती त्याहून जास्त वेगात पुढे चालली आहे. फरक फक्त वीसचा.

ते पाकीट मी सोमवारी सरांना दाखवलं. सिग्नलला थांबलेलो असताना त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि अगदी प्रेमाने परत दिलं. म्हणाले, रस्त्यावर वही-पुस्तक चालत नाही, इथे अंदाज चालतो, तीस वर्षांचा अंदाज. मागून दीदी म्हणाल्या की सरांचा हात खरंच चांगला आहे. मी पाकिटाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मनात म्हटलं, हात चांगला असेल, पण रस्ता तुमच्या हातावर नाही चालत.

आता चहाचं सांगायला हवं, कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे. मधे एका बुधवारी सर रजेवर होते. मीच चालवली. दीदींना डोळ्याच्या डॉक्टरचा फोन येणार होता म्हणून त्या वर आल्या नाहीत, गेटवरच थांबल्या. आम्ही निघालो, माझ्या नेहमीच्या चालीने, मागचे हॉर्न ऐकत, पन्नासच्या वर काटा न जाऊ देता. आणि अंगठा लावला तेव्हा यंत्रावर आठ सत्तावन्न.

मी यंत्रासमोरच उभी राहिले. मागचा माणूस खाकरला तेव्हा बाजूला झाले. सरांपेक्षा एक मिनिट जास्त, फक्त एक. मग माझ्या आठवड्यात उशीर कशाने होत होता?

पोह्यांनी होत होता. सरांच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या गेटवर उभे राहायचो, ते यायचे, आम्ही निघायचो. त्यांच्या घरात मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. पण माझ्या आठवड्यात दोघं माझ्या गेटवर येणार आणि मी त्यांना खाली उभं ठेवणार? माझ्या आईने हे ऐकलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं. तेव्हा वर या, चहा घ्या, पोहे घ्या, थोडे घ्याच, लिंबू पिळू का. दीदींना कमी साखरेचा वेगळा चहा. सर दोनदा पोहे घ्यायचे आणि शेवटचा घास तोंडात असताना घड्याळ बघायचे. मग घाईघाईने चपला, लिफ्ट, गाडी, आणि उशीर. आणि ज्या दिवशी सरांनी किल्ली घेतली, त्या दिवसापासून त्यांनी खालूनच मिस्ड कॉल द्यायला सुरुवात केली होती. चहा आपोआप बंद झाला, वेळ वाचला, आणि श्रेय सगळं त्यांच्या पायाला मिळालं. त्यांनाही ते खरं वाटलं, दीदींनाही, आणि सगळ्यांत मूर्ख मी, मलाही. माझ्या स्वयंपाकघरातली दहा मिनिटं मी इतके महिने माझ्या गाडी चालवण्याच्या नावावर लावत होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरात एकटीच हसले, आणि मग मला इतका राग आला की मी कणीक दुप्पट मळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. उशीर चहामुळे व्हायचा, गाडीमुळे नाही, काल मी आठ सत्तावन्नला पोहोचले, दीदींना विचारा. आता माझ्या आठवड्यात मीच चालवेन. ते म्हणाले, अच्छा अच्छा, बिल्कुल, पुढच्या वेळेपासून. पुढच्या वेळी म्हणाले, आज व्हीआयपी रूट लागलाय, रस्ते अडवतील, आज राहू द्या. त्याच्या पुढच्या वेळी पाऊस होता. एकदा काहीच नव्हतं, तेव्हा नुसते हसले आणि हात पुढे केला. मी दरवेळी मूग गिळून किल्ली दिली. मोठी भांडणं करता येतात, त्यांना तयारी करता येते. पण रोज सकाळी सव्वाआठला, गार्डसमोर, एका किल्लीवरून भांडायचं हे मला जमत नव्हतं. रविवारी मी नवऱ्याला सांगितलं की उद्या मी आधीच खाली जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसणार आहे, मग बघू कोण उठवतंय. तो म्हणाला, "बिल्कुल. बस तू." पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला.

सोमवारी मी आठ दहाला खाली गेले. बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. सर आले, काचेवर टकटक केली, वाकले, म्हणाले की आज साडेनऊला जॉइंट सेक्रेटरींची मीटिंग आहे, त्याआधी त्यांना कागद बघायचेत, फक्त आज. त्यांचा चेहरा खरंच ओढलेला होता. मी उतरले. त्या उतरण्याचं मी स्वतःला कधीही माफ करणार नाही.

खांबांच्या रस्त्यावर पुढे एक सिग्नल आहे, आणि त्याच्या आधी दुभाजकात वळायची एक जागा सोडलेली आहे. आम्ही यायला लागलो तेव्हा सिग्नल हिरवा होता. त्या जागेत एक स्कूटरवाला थांबलेला मला दिसला, हेल्मेट घातलेला, मागे टूलबॉक्स बांधलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं. मी अजूनही त्याचं ते पाहणं विसरलेली नाही. त्याने अंतर पाहिलं, आमची चाल पाहिली, आणि ठरवलं की आपल्याला वेळ आहे. त्याचा हिशेब बरोबर होता. ज्या क्षणी त्याने पाहिलं, त्या क्षणी आम्ही पन्नासलाच होतो. तो निघाला, आणि त्याच क्षणी सरांना हिरवी बत्ती गाठायची होती. सरांनी पाय दाबला. मी सीटला मागे दाबले गेले, काट्याकडे पाहिलं, तो सत्तरला टेकला होता. लांबून बघणाऱ्याला गाडी किती दूर आहे ते दिसतं. आतल्या माणसाचा पाय आता काय करणार आहे, ते कोणालाही दिसत नाही.

सरांनी ब्रेक लावला. सगळा लावला. स्कूटर जवळजवळ निघून गेली होती, तिच्या मागच्या चाकाला आमचा डावा कोपरा लागला. तो माणूस उडाला आणि हातावर पडला. टूलबॉक्स उघडून पाने, पक्कड, नळाचे तुकडे रस्त्यावर पसरले.

तो उठून बसला हे मला दिसलं. मनगट धरून बसला होता. लोक धावत येत होते. मी दार उघडायला गेले तर सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मैडम, आप इधर आ जाइए," ते हळू आवाजात म्हणाले. मला कळलंच नाही. म्हणाले, सीट बदलूया, लगेच, कोणी बघायच्या आत. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, इन्शुरन्स माझा, सगळं सोपं जाईल. आणि मग ते वाक्य, जे त्यांनी अगदी समजावणीच्या सुरात म्हटलं: "आपकी स्पीड तो पूरा दफ़्तर जानता है. आप पर कोई शक ही नहीं करेगा."

मी मागे दीदींकडे वळले. दीदींचे डोळे भरलेले होते. त्या एवढंच म्हणाल्या की सरांची पेन्शन आहे, केस झाली तर सगळं अडकेल, तुझं काय बिघडणार आहे.

खरं सांगते, क्षणभर मला त्यांची कीव आली. एका वर्षाने घरी जाणारा माणूस, घामाने डबडबलेला, जो मला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. पण लगेच मागोमाग संताप आला. इतके महिने माझी जी चाल लिफ्टमध्ये हसण्यासाठी होती, ज्या चालीपायी माझ्या हातातून माझी किल्ली गेली, तीच आता यांना पांघरायला हवी होती. मी सावकाश चालवते हे त्यांना आज पटलं होतं, आणि ते कशासाठी पटलं होतं?

मी म्हटलं, "नाही." मराठीत म्हटलं. मग हिंदीत म्हटलं, "नहीं, सर." आणि उतरले.

गर्दीतल्या दोघांनी त्या माणसाला धरून फुटपाथवर बसवलं होतं. तो प्लंबर होता, कोणाच्या तरी घरी नळ बसवायला निघाला होता, आणि त्याला सगळ्यात काळजी होती ती त्या पाण्याची, कारण त्या घरचं पाणी बंद करून ठेवलेलं होतं. सिग्नलवरचा ट्रॅफिक पोलिस आला. गाडी पाहिली, नंबर पाहिला, मला पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलला की मॅडम, बघून चालवायची ना. माझ्याच गाडीजवळ उभी होते, बाई होते, त्याला आणखी काय पुरावा हवा होता. सर चार पावलांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अजून आशा होती.

"गाड़ी मेरी है," मी म्हटलं. "चला ये रहे थे. सत्तर पर. मैं मीटर देख रही थी."

सर म्हणाले की पन्नास-पंचावन्न असेल, स्कूटर अचानक आली. पोलिसाने दीदींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी मागे होते, फोन बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः किती महिने गप्प बसले होते, ते मला माहीत होतं. पोलिसाने सरांचं लायसन्स मागितलं, फोटो काढले, सरांना तिथेच थांबायला सांगितलं आणि मला म्हणाला की आधी याला हॉस्पिटलमध्ये न्या, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका, बाकीचं नंतर. आपला एक शिपाई त्याने माझ्या गाडीत बसवला.

मी सरांसमोर जाऊन हात पुढे केला. त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. तीन आठवड्यांनी सेक्शनमध्ये मला कोणीतरी सांगितलं की मी एका सज्जन माणसाचं आयुष्य नासवलं. मी विचारलं, स्कूटरवाल्याचं मनगट जुळलं का, ते विचारलंत कधी? त्यानंतर त्या टेबलाने मला जेवायला बोलावणं सोडलं. माझ्या डब्याचं त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

पण त्या सकाळचं सांगते. प्लंबर मागे बसला, शिपाई पुढे. मी सीट माझ्या मापाने पुढे ओढली, आरसा खाली केला, आणि निघाले. गिअर टाकताना, ब्रेक लावताना मी असं जपत होते की त्याच्या हाताला धक्का बसू नये. आरशात त्याचा चेहरा पिवळा पडलेला दिसत होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. शिपायाने घड्याळ पाहिलं. दोन बत्त्या गेल्या, आणि मागून तो कण्हत म्हणाला, "मैडम, ज़रा तेज़ चलाइए ना."

"भैया," मी आरशात बघून म्हटलं, "तेज़ वाले ने ही तो आपको इस सीट पर बिठाया है."

तो हसला की कण्हला ते मला कळलं नाही. शिपाई मात्र घड्याळावरचा हात खाली घेऊन सरळ बसला.